भिंगरीचं घड्याळ

तिला भिंगरी हे नाव ठेवलं तिच्या बाबांनी. तेव्हा ती चार वर्षांची होती आणि ताटाभोवती गोल फिरत फिरत जेवायची. आता ती त्रेचाळीस वर्षांची आहे, दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते, कानांवरचे केस पांढरे झालेत, पण ना नाव सुटलं ना सवय. टीव्ही बघायचा तर उभ्याने. फोनवर बोलायचं तर स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर. तिचा नवरा बंदरावर क्रेन चालवतो, म्हणजे दिवसभर उंचावर एका खुर्चीत बसून असतो. तो म्हणतो, "आमच्या घरात बसण्याचं खातं माझ्याकडे आहे."

अशा बाईला महिनाभर सावकाश राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच. आणि ती शिक्षा तिला झाली ती शर्यत चांगली झाली म्हणून.

शर्यत होती डोंगरवाटांवरची, पाच दिवसांची, पाच टप्प्यांची. रोज सकाळी निघायचं, तीस-पस्तीस किलोमीटर चढउतार करून तंबूपाशी पोचायचं, पाय गार पाण्याच्या बादलीत बुडवायचे, मिळेल ते खायचं, झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच पाय पुन्हा बुटात कोंबायचे. पाचही दिवसांचा वेळ जोडून निकाल. भिंगरीच्या पायाची दोन नखं काळी पडली, चौथ्या दिवशी उतारावर ती बसून घसरत खाली आली, आणि तरी बायकांमध्ये चौथी आली. तिसरीपेक्षा सहा मिनिटांनी मागे. पाच दिवसांत मिळून फक्त सहा मिनिटं! लोकांनी अभिनंदन केलं ते तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही. ती सहा मिनिटं मात्र घरी येताना तिच्याबरोबर गाडीत बसून आली.

अकरा आठवड्यांनी याहून मोठी शर्यत होती, सात टप्प्यांची. तिथे प्रत्येक क्लबातून एकच बाई जाणार, आणि तिच्या अर्जावर प्रशिक्षकाची सही लागणार. भिंगरीचे प्रशिक्षक म्हणजे एका गुडघ्याने कायमचे अधू झालेले, तरुणपणी घाई करून तो गुडघा घालवलेले गृहस्थ. सगळे त्यांना सर म्हणत. सरांनी अट घातली.

"चार आठवडे हलका सराव. पहिले तीन आठवडे फक्त चालायचं. मग चालता चालता थोडं पळायचं. चढ नाही, घड्याळाशी स्पर्धा नाही. पळताना एक अख्खं वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्ये तुटलं की समज, वेग जास्त झाला."

"आणि चार आठवड्यांनी सही?"

"तुझ्या घड्याळातलं सगळं मला इथे फोनवर दिसतं. किती चाललीस, किती वेळात, नाडी किती. चार आठवडे नीट दिसलं, तर सही. नाहीतर दुसरीचं नाव जाईल. यात माझ्याशी हुज्जत घालू नकोस."

तिने घातली नाही. मान डोलावली, घरी आली आणि पहिल्या तीन दिवसांतच तिचा जीव मेटाकुटीला आला.

चालायचं म्हणजे काय, तर बागेतून जाताना म्हाताऱ्या बायका पुढे निघून जायच्या. पाय ओढ घ्यायचे आणि तिने लगाम धरायचा. रिकामं राहिलेलं डोकं मग ती सहा मिनिटं चघळत बसायचं: दुसऱ्या दिवशी बूट पुन्हा बांधायला थांबले तिथली दोन, पाण्याच्या टेबलापाशी एक, ती घसरगुंडी... कामावरही लक्ष लागेना. प्रयोगशाळेत तिचं काम मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचं. गरम सुरीने मेण किंचित वितळवायचं, दात टेकवायचा, श्वास रोखून सरळ करायचा. एरवी इथे ती आश्चर्य वाटावं इतकी स्थिर असायची. पण त्या आठवड्यात तिने एका निवृत्त न्यायाधीशांच्या कवळीचे समोरचे दोन दात असे बसवले, की मालकीणबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "हे गृहस्थ हसले तर समोरचा माणूस गुन्हा कबूल करेल." सगळं मेण उकरून पुन्हा बसवावं लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी तिला तो शहाणपणा सुचला.

तिचे बाबा तिच्याकडेच राहत. शहात्तर वर्षांचे, बायको जाऊन सहा वर्षं झालेले, निवृत्त पोस्टमन. सदतीस वर्षं खांद्यावर पिशवी टाकून त्यांनी दारं पालथी घातली होती आणि अजूनही रोज सकाळी सहाला बूट घालून बागेला तीन फेऱ्या मारून येत. चालण्याचा त्यांना भारी अभिमान. कुणी रिक्षाने आलं की ते त्या माणसाकडे दयेने बघत.

"बाबा, उद्यापासून फिरायला जाताना माझं घड्याळ घालाल?"

"का? माझं चालतंय की."

तिने सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, बाबांशी ठेवायची तिला सवयच नव्हती. सरांना हलकं चालणं दिसायला हवं, मला टेकडीवर जायला हवं. तुम्ही चाला, मी पळते. नेहमीसारखंच चालायचं, वेगळं काही करायचं नाही.

बाबांनी घड्याळ मनगटावर फिरवून फिरवून पाहिलं. डोळे चमकत होते. "म्हणजे सरांच्या डोळ्यांत धूळ फेकायची," ते म्हणाले. "सदतीस वर्षं चाललो, कुणी एक पाऊल मोजलं नाही. आण इकडे."

आता हे वाचून कुणी म्हणेल, काय ही बाई! पण धावणाऱ्यांना हे समजेल. ज्यांना रोज आकडा दिसायची सवय लागते, त्यांना कधीतरी आकडाच खरा वाटू लागतो. घड्याळात हलका सराव आहे ना? मग झाला हलका सराव. पाय काय म्हणतात ते कोण विचारतो!

सोळा दिवस असं चाललं. नवऱ्याची पाळी पहाटेची, तो घरातून गेलेला असायचा. सहाला बाप-लेक एकत्र जिना उतरत. खाली फाटकापाशी ती घड्याळ काढून बाबांच्या मनगटावर बांधायची, बाबा बटण दाबायचे आणि डावीकडे बागेकडे वळायचे. ती उजवीकडे, जुन्या खाणीमागच्या टेकडीकडे. खडीची वाट, मग पायऱ्या कोरल्यासारखा दगडी चढ, वर पाण्याची टाकी. ती टाकीला हात लावायची, खाली उतरायची, पुन्हा वर. तिथे तिला बरं वाटायचं असंही नाही. डाव्या पायाच्या नडगीत एक बारीक कळ सुरू झाली होती, रात्री पाय अंथरुणात आपोआप झटके द्यायचे, आणि टाकीला हात लावला की लगेच वाटायचं, अजून एकदा. परत आल्यावर घड्याळ पुन्हा तिच्या हातात, उरलेला दिवस आणि रात्र तिचीच नाडी सरांकडे जायची. बाबा टेबलाशी बसून कपाळ पुसत असायचे.

"दमलात?"

"छे! आज ऊन लवकर आलं."

ती घाईत आंघोळीला जायची. ऊन आलं होतं का, हे तिने खिडकीतून कधी पाहिलं नाही.

सोळाव्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. तिच्या एका हातात प्लॅस्टर कालवायची रबरी वाटी होती.

"कुठे आहेस? बसली आहेस का?"

"मी कधी बसते?"

सर हसले नाहीत. "आधी मला वाटलं पट्टा सैल असेल. म्हणून इतके दिवस काही बोललो नाही. शर्यतीत कड्याच्या चढावर तुझी नाडी होती त्याच्या जवळपास आता बागेत चालताना जातेय. आणि सरळ जात नाही, उड्या मारते. एकशे दहा, एकशे सेहेचाळीस, नव्वद, पुन्हा एकशे चाळीस. बाकी दिवसभर छान, रात्री छान, फक्त चालताना हे. मला भीती वाटतेय, स्पष्टच सांगतो. तू उद्याच्या उद्या हृदयाच्या डॉक्टरकडे जायचंस. कागद आणलास तर पुढचं. तोवर एक पाऊल पळायचं नाही."

"सर, माझं हृदय ठणठणीत आहे."

"ते डॉक्टर सांगतील."

तिने फोन ठेवला आणि पहिल्यांदा तिला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही: तिला सुटल्यासारखं वाटलं. चोरी पकडली गेली नव्हती! डॉक्टरकडे जायचं, छातीला तारा लावून घ्यायच्या, सगळं सरळ निघणार, कागद सरांच्या हातात ठेवायचा. सही पक्की. वाटीत पाणी घालून ती प्लॅस्टर घोटू लागली. घोटता घोटता तिचा हात मंद झाला.

चालताना फक्त. सकाळी फक्त. बागेत.

ती तशीच उभी राहिली आणि वाटीतलं प्लॅस्टर सुरीसकट घट्ट झालं. मालकीणबाईंनी विचारलं, "काय गं, काय झालं?" तर ती एवढंच म्हणाली, "घरी जाते. बाबा."

बाबा घरी पेपर वाचत होते. तिला अवेळी बघून त्यांनी चष्मा काढला.

"बाबा, बूट घाला. कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

"आत्ता? तू? माझ्याबरोबर?"

तीन प्रश्न त्यांनी आनंदाने विचारले, पण तिला तिन्ही लागले. खरंच, ती बाबांबरोबर शेवटची कधी चालली होती? लहानपणी शाळेला सुट्टी असली की ते तिला आपल्या टपालाच्या फेरीवर न्यायचे, तेव्हा. पुढे ती नेहमी त्यांच्या पुढे तरी असायची, नाहीतर दुसऱ्या रस्त्याला.

ते निघाले. रस्ता सपाट, दुपारची दुकानं अर्धी उघडी. ती त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून चालू लागली, आणि ते भरभर चालू लागले. तिला सरांचा वाक्याचा नियम आठवला.

"बाबा, तुमची ती लांब गल्ली सांगा ना. दारं. मला लहानपणी म्हणून दाखवायचात तशी."

"ती होय!" बाबा खूश झाले. "पहिलं दार शिंप्याचं, दुसरं कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं, तिसरं त्या दोघी बहिणींचं, चौथं..."

ते थांबले आणि शेजारच्या दुकानाच्या काचेत बघू लागले. ते दुकान नळांचं होतं. बाबांना आयुष्यात कधी नळांत रस वाटलेला नव्हता. त्यांचे खांदे वरखाली होत होते. तिने त्यांचं मनगट धरलं, अगदी जिथे ती रोज सकाळी पट्टा बांधायची तिथे, आणि बोटं दाबली. दोन ठोके. मग काहीच नाही. मग तीन-चार एकदम, एकमेकांना ढकलत आल्यासारखे.

"कधीपासून होतंय हे?"

"काही नाही गं. वय झालं. जरा जोरात चाललं की होतं."

"मग जोरात कशाला चालता? मी सांगितलं होतं ना, नेहमीसारखंच चाला!"

ती रस्त्यात ओरडली. नळवाल्याने मान बाहेर काढून पाहिलं. बाबा त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले, श्वास जुळवला, आणि मग ओशाळून सांगू लागले.

"पहिल्या दिवशी तीन फेऱ्यांना अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. घड्याळावर दिसतं ना ते. म्हटलं, हे सर बघणार आणि म्हणणार, ही बाई फारच मंद झाली, हिचं नाव कशाला पाठवायचं? माझ्यामुळे तू मागे पडायला नकोस. मग रोज थोडं थोडं कमी करत आणलं. आज एक्केचाळीस." त्यांनी कपाळ पुसलं. "सात मिनिटं वाचवली. तुझी तर सहाच गेली होती."

तिला रडूच फुटलं. ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. भरदुपारी, रस्त्यावर, ती बसली.

तिथूनच तिने सरांना फोन लावला. तिला माहीत होतं, न सांगताही चालण्यासारखं आहे. स्वतःचा कागद सरळ येईल, बाबांनाही गुपचूप डॉक्टरकडे नेता येईल. पण डॉक्टर विचारणार, कधीपासून, किती वेळा, आणि बाबा काय सांगणार? ऊन लवकर आलं म्हणून! खरी नोंद होती ती सरांच्या फोनमध्ये, सोळा दिवसांची, तिच्या नावावर. एक क्षण, खरं म्हणजे एकाहून जास्तच, तिने त्या सहीचा विचार केला. मग बोलली. तुकड्यातुकड्यात. घड्याळ बाबांच्या हातात होतं. मी टेकडीवर होते. ते हृदय माझं नाही.

"त्यांना आत्ता जागेवरून उठवू नकोस," सर म्हणाले. "टॅक्सी बोलाव. नोंदी सगळ्या पाठवतो, कुठे पाठवायच्या ते कळव. अर्जाचं नंतर बघू."

अर्जाचा विषय नंतर कुणीच काढला नाही. दुसरीचं नाव गेलं.

हृदयाच्या डॉक्टर तरुण होत्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी कधीपासून त्रास होतो म्हणून विचारलं, बाबा छातीठोकपणे म्हणाले, "दोन-तीन दिवस." डॉक्टरांनी नोंदी वरखाली सरकवल्या. "आजोबा, तुम्ही तिसऱ्या दिवसापासून खोटं बोलताय." मग भुवया उंचावून विचारलं, "पण हे एका धावपटू बाईच्या नावावर कसं?" भिंगरीने पुन्हा सगळं सांगितलं. त्या दिवशी तिसऱ्यांदा, कारण नवराही बंदरावरून धावत आला होता. तो सगळं ऐकून घेऊन भिंतीकडे बघत म्हणाला, "म्हणजे तू त्यांना पळवलंस." पुढे कधी तो हे बोलला नाही, पण ते तिला पाठ झालं आहे.

ठोक्यांची लय बिघडली होती. वेळेत कळलं, डॉक्टर म्हणाल्या. अशात रक्ताची गाठ होऊन डोक्यात गेली असती तर फार वाईट झालं असतं. रक्त पातळ ठेवायची गोळी, ठोके आवरणारी गोळी, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा चालायला परवानगी. "पण सावकाश," त्या म्हणाल्या, "बोलता येईल इतकंच."

भिंगरीने मान खाली घातली.

तिच्या नडगीतली कळ वाढली होती, पळणं तसंही बंद झालं. ते तीन आठवडे तिने कसे काढले हे तिच्या नवऱ्याला विचारा. तिने सगळी कपाटं पुसली, मग पुन्हा पुसली. रात्रीतून चार-चारदा उठून बाबांच्या दाराशी कान लावून उभी राहिली. बाबा आतून म्हणायचे, "आहे मी. झोप." अखेर सरांचा निरोप आला, पुढच्या चार आठवड्यांचं वेळापत्रक, पुन्हा पहिल्यापासून. वर लिहिलं होतं: रोज चाळीस मिनिटं चालणं, बोलता येईल इतक्या वेगाने. सोबत कुणीतरी असावं, एकटीवर माझा विश्वास नाही.

तेव्हापासून दोघं फाटकातून डावीकडेच वळतात. घड्याळ बाबांच्या हातात असतं, आता राजरोस, कारण डॉक्टरांनाही आकडे हवे असतात. तिचे पाय अजून ओढ घेतात. बागेच्या वळणावर टेकडीवरची टाकी दिसते आणि तिचं पाऊल नकळत लांब पडतं. बाबा मागून खोकतात, मग ती आखडतं घेते.

सात टप्प्यांच्या शर्यतीचा दिवस तिने कुणाला सांगितला नव्हता. त्या सकाळी ती तीनदा बुटाची नाडी सोडून बांधत बसली. दुसऱ्या फेरीला बाबांनी मनगट वर करून पाहिलं.

"निघाले असतील आता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पोस्टमन आहे मी. तारखा लक्षात राहतात."

"निघू देत," ती म्हणाली.

थोडं चालल्यावर बाबा आपणहून सुरू झाले. "पहिलं दार शिंप्याचं, दुसरं कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं, तिसरं त्या दोघी बहिणींचं, चौथं फोटोवाल्याचं, पाचव्यात तो चावरा कुत्रा, सहावं कायम बंद, सातवं दाईचं, आठवं घड्याळजीचं, आणि नववं त्या बाईंचं, ज्यांना कधी पत्र यायचं नाही तरी रोज दारात उभ्या असायच्या." नऊ दारं. कुठे काच बघावी लागली नाही, कुठे खांदे हलले नाहीत. बाबांनी विजयाने तिच्याकडे पाहिलं. "आता तू. सरांचा नियम आहे, दोघांनी बोलायचं."

बोलायचं तिच्या मनात किती दिवस होतं. तिने श्वास घेतला. "बाबा, त्या सोळा दिवसांत तुम्हाला काही झालं असतं, तर मी..."

पुढे येईना. दगडी चढ पळत चढणाऱ्या बाईला सपाट रस्त्यावर एक वाक्य पुरं करता येईना.

"वेग जास्त होतोय तुझा," बाबा म्हणाले, आणि तिचा हात धरून त्यांनी पाऊल आणखी हळू केलं.